माइनक्राफ्टचा कोट, नार्डनचा तट आणि आपला सिंधुदुर्ग



ज्यांच्या घरात सात ते पंधरा वर्षांचे एखादे अपत्य आहे, त्यांना 'क्रीपर' हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. शनिवारी सकाळी आपण कांदेपोहे करत असतो आणि आतल्या खोलीतून आरोळी येते, "अरे, भिंत उडाली!" मग टॅबलेटवर दोन मित्रांचे खलबत सुरू होते. एक म्हणतो लाकडाची बांधू, लवकर होते. दुसरा म्हणतो दगडाचीच बांध. तिसरा कुणीतरी हेडफोनमधून ऑब्सिडियनचा आग्रह धरतो. निम्मी चर्चा डचमध्ये, उरलेली इंग्रजीत आणि "आई, पाच मिनिटं!" एवढेच काय ते मराठीत.

मी पेशाने सॉफ्टवेअरवाला असलो तरी शिक्षण इंजिनिअरिंगचे. त्यामुळे "कोट कशाचा बांधायचा?" हा प्रश्न कानावर पडला की गप्प बसवत नाही. शिवाय हा प्रश्न काही खेळापुरता नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी मालवणच्या खडकावर तो पडला होता, आणि आपण ज्या देशात राहतो त्या नेदरलँड्समध्ये तर चारशे वर्षे त्यावर डोकी फुटली आहेत. दोन्हीकडची उत्तरे अगदी वेगळी आली, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर होती. ती का वेगळी आली हे एकदा समजले, की खेळातला कोटही चांगला बांधता येतो आणि सुट्टीत किल्ला पाहायला गेल्यावर मुलांना "हे बघ" म्हणून दाखवायलाही काहीतरी हाती येते.

आधी खेळ समजून घेऊ

ज्या पालकांनी हा खेळ फक्त लांबून पाहिला आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. माइनक्राफ्ट २०११ मध्ये पूर्ण स्वरूपात बाजारात आला. स्वीडनच्या मोयांग कंपनीची ही निर्मिती, पुढे २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. खेळातले सगळे जग ठोकळ्यांचे असते आणि एक ठोकळा म्हणजे एक मीटर लांब, रुंद, उंच. 'सर्व्हायव्हल' प्रकारात खेळाडू रिकाम्या हाताने सुरुवात करतो. खेळातला अख्खा दिवस-रात्र आपल्या वीस मिनिटांत संपतो आणि अंधार पडला की शत्रू बाहेर पडतात. झोंबी दार ठोठावतात, सांगाडे बाण मारतात, कोळी भिंत चढून येतात आणि तो हिरवा क्रीपर गुपचूप जवळ येऊन स्वतःसकट सगळे उडवून देतो. रात्र काढायची तर कोट हवा.

आता कोट कशाचा? खेळात प्रत्येक पदार्थाला स्फोटापुढे टिकण्याचा एक आकडा दिलेला आहे. कॉम्प्युटरवरच्या जावा आवृत्तीतले काही आकडे असे:

- काच: ०.३
- माती आणि वाळू: ०.५
- काँक्रीट: १.८
- लाकडी फळ्या: ३
- दगड, गोटे (कॉबलस्टोन) आणि विटा: ६
- पाणी: १०० (हो, पाणी! त्याकडे पुढे येऊच.)
- ऑब्सिडियन हा काळा ज्वालामुखी काचपाषाण: १२००

काँक्रीट लाकडापेक्षा कच्चे पाहून आपल्यातले सिव्हिलवाले नक्कीच हळहळतील! खेळात ते रंगीत भिंतींसाठी आहे, तटासाठी नाही, एवढेच समजायचे.

आता हल्ल्याची बाजू. साध्या क्रीपरच्या स्फोटाची ताकद ३ आणि टीएनटीची ४. प्रत्येक स्फोटातून सगळीकडे किरण सुटतात आणि त्यांची ताकद थोडी कमीजास्त होते. क्रीपरच्या बाबतीत ती जास्तीत जास्त ३.९ पर्यंत जाते. किरण पुढे सरकला की त्याची ताकद कमी होत जाते. मोकळ्या हवेत दर मीटरला साधारण ०.७५ इतकी, मातीतून जाताना दर मीटरला साधारण दीड, आणि दगडातून जाताना दर मीटरला जवळजवळ सात.

हे गणित मुलांना कागदावर करायला द्या, मजा येते. दगडी भिंतीला खेटून क्रीपर फुटला तर पहिला थर जाऊ शकतो, दुसरा मात्र वाचतो. म्हणजे दगडाची दुहेरी भिंत पुरे. मातीचा एक थर पापडासारखा उडतो, पण तीन-चार थर जाड बांध घातला तर तोही क्रीपरला पुरून उरतो! आणि माती तर पायाखाली फुकट पडलेली असते. इथेच पहिला धडा मिळतो. नुसता पदार्थ किती कणखर हे पाहून भागत नाही. तो किती जाड लावता येईल, किती लवकर मिळेल आणि फुटल्यावर किती पटकन बुजवता येईल, हेही पाहावे लागते.

ऑब्सिडियनचे तसेच. १२०० हा आकडा पाहून मुलांचे डोळे चमकतात. पण तो काढायला हिऱ्याची कुदळ लागते, आणि ती असूनही एकेका ठोकळ्याला नऊ-दहा सेकंद जातात. सगळा कोट त्याचा करायचा म्हटले तर बांधून होईपर्यंत कितीतरी रात्री उलटतील, आणि त्या रात्री काढायच्या कुठे? शहाणा खेळाडू पहिल्या रात्री मातीचा आडोसा करतो, मग दगडाचा तट बांधतो आणि ऑब्सिडियन फक्त खजिन्याच्या खोलीला लावतो.

शत्रू कोण, ते आधी विचारा

साहित्य निवडताना पहिला प्रश्न "काय मजबूत?" हा नाही. पहिला प्रश्न "कशापुढे मजबूत?" हा आहे.

लाकूड घ्या. क्रीपरपुढे ते बऱ्यापैकी टिकते, पण विजेने किंवा लाव्हाने पेट घेतला की सगळे संपले. खेळाच्या सर्वात कठीण पातळीवर झोंबी लाकडी दार फोडून आत येतात, लोखंडी दार त्यांना फोडता येत नाही. लाकडाचे हे दुखणे पुणेकरांना वेगळे सांगायला नको. शनिवारवाडा १७३२ मध्ये उभा राहिला. त्याच्या तटाचा खालचा भाग दगडी, वरचा विटांचा, पण आतल्या महालांचे काम लाकडाचे. १८२८ च्या आगीत आतला वाडा गेला. आज आपण पाहतो तो तट, दिल्ली दरवाजा आणि आतली जोती. आगीने आपली निवड बरोबर करून दाखवली!

सुरुंगाचे उदाहरण हवे तर चाकणचे घ्या. १६६० मध्ये शाइस्ताखानाने चाकणच्या भुईकोटाला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्यांनी तो दीड महिन्याहून अधिक काळ लढवला. शेवटी मोगलांनी भुयार खणून बुरुजाखाली दारू ठासली आणि बुरूज उडवला. भिंत कितीही जाड असो, शत्रू तिच्या खाली पोचला तर जाडीचा उपयोग नाही. मुलांच्या भाषेत सांगायचे तर तो साडेतीनशे वर्षांपूर्वीचा क्रीपर. डोंगरी किल्ल्यात मात्र हीच युक्ती फार अवघड, कारण पायाखाली अखंड कातळ असतो आणि तो खणत बसायला शत्रूला कुणी वेळ देत नाही.

जमीन जे देईल ते घ्या

सह्याद्रीत काळा बेसॉल्ट आहे. तिथे तट बांधायला दगड लांबून आणावा लागला नाही. डोंगरावरच टाकी आणि तळी खोदायची, त्यातून निघालेला दगड घडवायचा आणि तटाला लावायचा. पाण्याची सोय आणि भिंत, दोन्ही कामे एका फटक्यात. कोकणात खाली उतरले की जांभा भेटतो. तो खाणीतून काढताना तुलनेने मऊ असतो, चिरे सहज निघतात आणि वारा लागला की कडक होतात. कोकणातल्या कितीतरी गडांना आणि घरांना हाच चिरा आहे.

समुद्रातल्या किल्ल्यांचा शत्रू नुसता तोफवाला नव्हता, लाटही होती. सिंधुदुर्ग १६६४ ते १६६७ या काळात मालवणजवळच्या कुरटे बेटावर उभा राहिला. हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली झालेल्या या बांधकामात पाया पक्का बसावा म्हणून शिसे ओतले. साधारण तीन किलोमीटर लांबीचा हा नागमोडी तट आजही लाटा झेलतो आहे. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याची युक्ती नेमकी उलटी. तिथे मोठमोठे दगड सांध्यात चुना न भरता नुसते एकमेकांवर रचले आहेत. लाट आपटली की पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर मोडतो. म्हणजे समुद्र तोच, शत्रू तेच, आणि उपाय दोन वेगळे. दोन्ही टिकले.

आता या मंडळींना नेदरलँड्समध्ये आणून सोडा. इथे दगड कुठे आहे? लिंबुर्गचा कोपरा सोडला तर पायाखाली चिखल, वाळू आणि पीट. शिफोलला विमान उतरताना खिडकीतून पाहिलेत तर डोंगर सोडा, टेकाडही दिसत नाही. दगड हवा तर तो परदेशातून नदीने आणायचा. नद्यांच्या काठच्या चिकणमातीच्या विटा मात्र भरपूर. म्हणून ॲम्स्टरडॅमजवळ मौडनला जो तेराव्या शतकात सुरू झालेला मौडरस्लॉट किल्ला दिसतो, तो विटांचा आहे. भाल्या-बाणांच्या काळात तेवढे पुरत होते. तोफा आल्या आणि उंच, पातळ विटांच्या भिंतींचे दिवस भरले.

मातीला हलके समजू नका

तोफेचा गोळा विटांच्या किंवा दगडाच्या उभ्या भिंतीवर बसला की भिंत तडकते. तिचे तुकडे आतल्या माणसांवरच उडतात आणि ढासळलेल्या ढिगावरून शत्रू वर चढतो. तोच गोळा जाड मातीच्या उतरत्या बांधात शिरला तर रुतून बसतो. माती दबते, गोळ्याची सगळी ऊर्जा खाऊन टाकते. रात्री चार माणसे फावडी घेऊन आली की सकाळी बांध पूर्ववत. इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचे तर दगड ठिसूळ, माती लवचीक.

स्पेनविरुद्धच्या लढ्यात डचांकडे पैसा कमी आणि वेळ त्याहून कमी. मग त्यांनी पायाखाली होते तेच वापरले. खंदक खणायचा, निघालेली माती शेजारी रचून तट करायचा, वर गवत लावायचे आणि खंदकात पाणी आपोआप येणारच. ग्रोनिंगन प्रांतातले बूर्टांज याच पद्धतीचे. विल्यम ऑफ ऑरेंजने १५८० मध्ये ते बांधायचे ठरवले आणि १५९३ मध्ये ते पूर्ण झाले. वरून पाहिले तर पाच टोकांचा तारा. तारा शोभेसाठी नाही बरं का! गोल किंवा चौकोनी बुरुजाच्या पायथ्याशी एक कोपरा असा राहतो जिथे आतल्यांची गोळी पोचत नाही. टोकदार बुरूज केले की प्रत्येक बुरूज शेजारच्याच्या पायथ्यावर नजर ठेवतो. गणिती सायमन स्टेव्हिनने १५९४ मध्ये तटबंदीवर आख्खे पुस्तक लिहिले, इतका हा विषय तेव्हा जिव्हाळ्याचा होता.

ॲम्स्टरडॅमहून जवळचे हवे तर नार्डन पाहा. १६७२ मध्ये फ्रेंचांनी ते घेतले, १६७३ मध्ये डचांनी परत जिंकले, आणि मग नव्याने तटबंदी केली. सहा बुरूज, दोन कडी खंदकांची. विटांचा तोंडावळा आणि पोटात माती. तटावरून चालताना पायाखाली हिरवळ असते, म्हणून आपल्या लक्षात येत नाही की आपण भिंतीवर उभे आहोत.

मातीची ही करामत फक्त डचांचीच नाही. १८०५ मध्ये इंग्रज सेनापती लेक यशवंतराव होळकरांचा पाठलाग करत भरतपूरला पोचला. जाट राजा रणजितसिंहाने होळकरांना आसरा दिला होता. भरतपूरचा तट मातीचा, जाडजूड, भोवती पाण्याचा खंदक. इंग्रजांनी चार वेळा हल्ला केला, चारही वेळा माणसे जायबंदी करून घेऊन मागे फिरले. याउलट १८१८ मध्ये शेजारच्या पोटल्याच्या डोंगरावर तोफा चढल्यावर कातळातला रायगड फार दिवस तग धरू शकला नाही. रायगड कच्चा होता असा याचा अर्थ नाही. ज्या तोफांसाठी तो बांधलाच नव्हता, त्या तोफा समोर आल्या.

पाण्याची भिंत

आता वर राखून ठेवलेला तो १०० चा आकडा. माइनक्राफ्टमध्ये क्रीपर पाण्यात उभा असताना फुटला तर एकही ठोकळा तुटत नाही. जवळ उभ्या असलेल्या खेळाडूला इजा होते, भिंतीला नाही. त्यामुळे कोटाभोवती पाण्याचा चर असणे हा खेळातला सर्वात स्वस्त उपाय. एक बादली पाणी की काम झाले.

डचांनी हीच बादली देशभर ओतली! १५७४ मध्ये स्पॅनिश सैन्याने लायडनला वेढा घातला होता. बांध फोडून पाणी शेतांत सोडले, त्यावरून उथळ तळाच्या होड्या आल्या आणि ३ ऑक्टोबरला वेढा उठला. लायडनच्या आसपास राहणाऱ्यांना त्या दिवशीचे हेरिंग, पांढरा पाव आणि हुत्सपॉट माहीत आहेच. १६७२ मध्ये चौदाव्या लुईचे सैन्य युट्रेक्टपर्यंत पोचले तेव्हा मौडनपासून दक्षिणेकडे खोऱ्खम शहरापर्यंत पाण्याचा पट्टा तयार केला. १८१५ नंतर हीच रेषा पूर्वेकडे सरकवून युट्रेक्टलाही आत घेतले. ती नवी डच जलरेषा.

यातली खरी हुशारी खोलीत आहे. पाणी जेमतेम गुडघाभर ठेवायचे. होडी चालवायला ते फार उथळ, आणि सैन्य, घोडे, तोफा चालवायला फार खोल, कारण वरून सपाट दिसणाऱ्या पाण्याखाली शेतांचे चर लपलेले. पाऊल चुकले की माणूस गळ्यापर्यंत. जिथे रस्ता, बांध किंवा नदी पाण्यातून पार जाते तेवढ्याच जागी किल्ला. सगळीकडे भिंत बांधण्यापेक्षा फक्त वाटा अडवायच्या.

पाण्यालाही शत्रू आहेच, थंडी. १६७२ च्या डिसेंबरात पाणी गोठले आणि फ्रेंच बर्फावरून निघाले. नशिबाने मध्येच बर्फ वितळू लागले म्हणून हॉलंड वाचले, तरी वाटेतल्या बोडेग्रावन आणि स्वामरडॅम या गावांची राखरांगोळी झालीच. १७९५ च्या हिवाळ्यात मात्र बर्फ टिकले आणि फ्रेंच आत आले. खेळातही थंड प्रदेशात उघडे पाणी गोठते. उपाय सोपा, काठाला मशाली लावायच्या. खऱ्या सैनिकांना बिचाऱ्यांना बर्फ फोडत बसावे लागे.

मोकळी जागा हेही साहित्यच

वरचे गणित आठवा. स्फोट मोकळ्या हवेतही क्षीण होतो. साध्या क्रीपरची ताकद पाच-सहा मीटरांत संपते. म्हणजे कोटाबाहेर तेवढ्या अंतरावर नुसते कुंपण घातले तरी भिंतीचे रक्षण होते. अंतराला ना कुदळ लागते ना हिरा.

डचांनी यासाठी १८५३ मध्ये कायदाच केला. किल्ल्याभोवती ३००, ६०० आणि १००० मीटरची तीन वर्तुळे आखली. सर्वात आतल्या वर्तुळात घर बांधायचे तर लाकडाचेच बांधायचे. कारण शत्रू आला तर ते झटपट पाडता किंवा जाळता यावे आणि तोफेसमोर आडोसा राहू नये. वेस्प आणि मौडनच्या बाजूला सायकलने गेलात तर विटांच्या या देशात मध्येच काळी-हिरवी लाकडी घरे दिसतात. ती हौसेची नाहीत, त्या कायद्याची आहेत. एकाच गावात तटाला सर्वात टिकाऊ साहित्य आणि तटाबाहेरच्या घराला मुद्दाम सर्वात तकलादू साहित्य!

हत्यार बदलले की भिंत बदलते

१८८० च्या दशकात जबरदस्त स्फोटकांनी भरलेले नवे तोफगोळे आले आणि युरोपभरचे विटांचे किल्ले रातोरात जुने झाले. नेमके तेव्हाच ॲम्स्टरडॅमभोवती १३५ किलोमीटरचे संरक्षक कडे बांधायचे काम चालू होते. इंजिनिअरांनी विटा सोडून काँक्रीट घेतले. पण चिखलावर काँक्रीट ठेवले तर ते खचणार. म्हणून आधी वाळूचा भराव टाकून तो काही वर्षे तसाच बसू दिला, मग वर इमारत चढवली. आपल्या प्रोजेक्ट मॅनेजरना हे सांगितले तर काय म्हणतील, कल्पना करा!

त्या काळच्या पुढची पायरी पाहायची असेल तर क्यूलेमबोर्खजवळच्या डीफडाइकवरचा बंकर ५९९ पाहा. १९४० चा हा बंकर नंतर कलाकारांनी वरपासून खालपर्यंत मधोमध कापला आहे. आपण त्या फटीतून चालत जातो आणि दोन्ही बाजूंना भिंतीची जाडी आणि आतली टीचभर खोली दिसते. माणसाच्या जागेपेक्षा काँक्रीटच जास्त!

आणि तरीही १९४० च्या मे महिन्यात जर्मन विमाने पाण्यावरून, किल्ल्यांवरून, सगळ्यावरून उडत आली. १४ मेला रॉटरडॅमवर बाँब पडले. विमानापुढे गुडघाभर पाण्याचे काय चालणार?

किंमत कोण देतो?

खेळात पाण्याची बादली फुकट असते. खऱ्या जगात ते पाणी कुणाच्या तरी शेतात उभे राहते. जलरेषेत सोडलेल्या पाण्याखाली डच शेतकऱ्यांचे गवत, पीक, गुरांचा चारा गेला. १६७२ मध्ये काही ठिकाणी शेतकऱ्यांनी बांध उघडायला विरोधही केला. ॲम्स्टरडॅम वाचले, पण त्याची किंमत रेषेवरच्या गावांनी भरली. समुद्राचे खारे पाणी आले तर जमीन नापीक होते ती वेगळीच. १९४४ मध्ये दोस्तांनी वाल्खेरन बेटाचा बांध बाँब टाकून फोडला, तेव्हा वेस्टकापेलेचे कितीतरी गावकरी मेले आणि बेट सुमारे वर्षभर समुद्राच्या पाण्यात राहिले. लाकडी घराची सक्ती झालेल्या माणसाचेही तेच. आपले घर जाळण्याजोगे असावे असा कायदा पाळत त्याने संसार केला.

हा विचार आपल्याकडेही झाला होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे याचे नियम आहेत. सागवान वगैरे परवानगीने तोडावे, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड जुने होऊन कामातून गेले असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन मग तोडावे. साहित्य निवडताना त्याची ताकद पाहायची, तशी ते कुणाच्या अंगणातून आणले हेही पाहायचे. माझ्या मते मुलांना सांगण्यासारखी सर्वात मोठी गोष्ट हीच.

मुलांसाठी थोडक्यात सूत्रे

१. पहिल्या रात्री जे पायाखाली आहे तेच वापरा. मातीचे तीन-चार थर पुरतात.
२. दुसऱ्या दिवसापासून दगडाचा तट, दोन थरांचा. राजगडाच्या संजीवनी माचीवर एकाच्या आत एक असे दुहेरी तट आहेत, ती तुमची प्रेरणा.
३. लाकूड आत वापरा, बाहेर नको. दार लोखंडी करा.
४. तटाला वरून बाहेर आलेला छज्जा काढा, कोळी अडतात.
५. भोवती पाण्याचा चर आणि त्यापलीकडे पाच-सहा ठोकळे मोकळी जागा ठेवा.
६. दुरुस्तीसाठी दगडांची एक पेटी कायम भरलेली असू द्या.
७. ऑब्सिडियन फक्त खजिन्याला.

पालकांसाठी एकच सूचना. खेळाची वेळ ठरवायची ती जरूर ठरवा, पण आठवड्यातून एकदा शेजारी बसून "ही भिंत अशी का केलीस?" एवढे विचारून पाहा. उत्तर ऐकताना पोहे थंड झाले तरी चालतील.

शिवाय प्रत्यक्ष पाहायलाही भरपूर आहे. ॲम्स्टरडॅमचे कडे १९९६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले आणि २०२१ मध्ये त्याला नवी डच जलरेषा जोडली गेली. २०२५ च्या जुलैत आपल्या मराठा लष्करी वारशातले बारा किल्ले त्याच यादीत गेले, त्यात राजगड, रायगड, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, खांदेरी असे अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. म्हणजे आता आपल्या मुलांच्या दोन्ही घरचे किल्ले एकाच यादीत आहेत! हेरवाइननच्या जुन्या किल्ल्यात जिओफोर्ट नावाचे मुलांचे संग्रहालय आहे. अख्खा नेदरलँड्स माइनक्राफ्टमध्ये उतरवण्याच्या प्रकल्पात त्यांचा हात होता, त्यामुळे तिथे न्यायला मुलांची मनधरणी करावी लागणार नाही.

येत्या दिवाळीत बाल्कनीत किल्ला कराल, तेव्हा कागदावर आधी नकाशा काढायला लावा. शत्रू कुठून येईल, पाणी कुठे, तट कशाचा, आणि माती कुठून आणणार? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर "शेजाऱ्यांच्या कुंडीतून" असे आले, तर आज्ञापत्राची आठवण जरूर करून द्या!

आपल्या घरच्या किल्ल्यांचे, मातीच्या आणि ठोकळ्यांच्याही, फोटो मंडळाकडे नक्की पाठवा.